घरी आलात तर पाणी मिळणार नाही

नोव्हेंबर लागला की आमच्या सावान जिल्ह्यात दोन गोष्टी लाल होतात, गुलमोहर आणि लीच्या. तिसरी गोष्ट म्हणजे माझे कान. गुलमोहराला आणि लीचीला त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. माझ्या कानांचं मात्र सांगावं लागेल, आणि ते सांगायला जरा वेळ लागेल.

हे दिवस कूपेच्या शेवटाचे. ऊसतोडीच्या हंगामाला आम्ही मॉरिशसची मराठी माणसं कूप म्हणतो. जूनमध्ये ती सुरू होते आणि डिसेंबरात कारखान्याचा धूर थांबला की संपते. शेवटच्या आठवड्यांत शेतं अर्धीअधिक बोडकी झालेली असतात. इतके महिने उसाआड दडलेले काळ्या दगडांचे ढीग, डोंगराची कड, दूरची समुद्राची पट्टी अचानक नजरेला पडतात. वारा पडलेला असतो, पावसाचा पत्ता नसतो, आणि नळाची धार करंगळीएवढी होते. आता घरोघरी छपरावर टाक्या बसल्या आहेत. तरी नोव्हेंबरात मी रोज सकाळी एक बादली भरून झाकून ठेवते. सूनबाई हसते. हसू दे, तिला नळावर डबे लावावे लागले नाहीत.

गेल्या आठवड्यात दारात एक मुलगी आली. पंचविशीची असेल. हातात रंगीत कागदांचा गठ्ठा, कागदावर तिचाच फोटो. गावच्या कौन्सिलला उभी राहिली आहे म्हणे, कुठल्याही पक्षाची नाही, पाठीशी कुणी मोठं नाही. तिला मराठी समजतं, पण बोलते क्रिओल. कागद माझ्या हातात कोंबून म्हणाली, “ग्रांमेर, दिमांश या हं. नक्की.” ग्रांमेर म्हणजे आजी.

“रविवारी? कुठे येऊ?”

“लेकोल... शाळेत.”

“शाळेत कशाला? माझं शिकून झालंय.”

ती खाली बघायला लागली. मग अगदी हळू, चोरून आणलेल्या वस्तूसारखा तिने तो शब्द काढला, “वोत.” म्हणजे मत.

मी म्हटलं, “मोठ्यानं बोल.” तिला तीनदा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा शेजारचा कुत्रा भुंकला तेव्हा सोडली. बिचारीला वाटलं असेल, म्हातारी चळली आहे. पण मी तिच्यावर रागावले नव्हते. मी तिच्या जागी उभी असलेल्या दुसऱ्या एकीवर रागावले होते. ती एक मीच.

मी या गावात आले ती लग्न होऊन, उत्तरेकडच्या प्लेन दे पपायहून. सासर ग्रां बुआच्या पुढे. गावाचं नाव सांगत नाही, कारण या हकिकतीतली निम्मी माणसं अजून हिंडती-फिरती आहेत आणि उरलेल्यांच्या मुलांना वाचता येतं. सासरी दोन भाऊ, आम्ही दोघी जावा. थोरली द्रुपदा. मी तिला वैनी म्हणायची. तेव्हा ती चाळिशीची होती, उंच, रुंद खांद्यांची. डोक्याला फडकं, त्यावर गवती टोपी, अंगात भावजींचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, पायात बूट, हातात ऊस तोडायचा कोयता. अशी निघाली की मुकादम आपणहून बाजूला व्हायचा. मी तिच्या मागच्या सरीत तोडत असे. तिच्या हाताला वेग होता आणि तोंडाला धार. लाजणं तिला माहीतच नव्हतं. देवाने दोघींच्या वाट्याचं लाजणं एकट्या माझ्यावर ओतलं होतं.

तिची आणखी एक खोड होती. तिच्याशी थट्टेत बोलायची सोय नसे. कोणी काही हसत म्हणालं तर ती ते खरं धरायची आणि करून मोकळी व्हायची.

गावाच्या तिठ्यावर एक नळ होता. पाच वाजता उघडायचा, सात वाजता बंद. सकाळी, तेवढाच. आणि आम्ही ऊसवाल्या बायका चार वाजता लॉरीत चढून शेतावर गेलेल्या असायचो. नळापाशी आदल्या दिवशीच पत्र्याचे डबे रांगेत लावून ठेवायची पद्धत होती, फेरब्लां म्हणायचो आम्ही त्यांना. ज्याचा डबा पुढे त्याचा नंबर पुढे. पण डब्यामागे माणूस नसेल तर डब्याचा नंबर कोण राखतो? घरी असलेल्या आपले डबे भरायच्या आणि आमचे पायाने बाजूला सारायच्या. कधी एखादी दयाळू अर्धा भरून ठेवायची. बाराएकला आम्ही परत यायचो तेव्हा अंगावर उसाची कुसळं, मानेत पाल्याच्या धारेने झालेले काप, त्यात घाम. आणि नळ कोरडा. मग तशाच नदीवर. नोव्हेंबरात नदी म्हणजे दगड आणि दगडांमध्ये उरलेलं, गुरांनी ढवळलेलं पाणी. त्यात अंग धुतलं की खाज दुप्पट व्हायची.

नळ सरकारचा होता, पण तो केव्हा उघडायचा हे वर लिहून कळवायचं काम गावच्या कौन्सिलचं. कौन्सिलमध्ये बारा पुरुष. बाराही जणांच्या अंगणात सिमेंटचे हौद. माणसं वाईट नव्हती. त्यांना दुपारी तहान लागली तर ते हौदातलं पाणी प्यायचे, इतकंच.

एका दुपारी वैनीने रिकामा डबा उचलला आणि शेतातल्या कपड्यांतच सिरदारांच्या घरी गेली. सिरदार म्हणजे पूर्वी मळ्यावर मुकादम होते ते, आता कौन्सिलचे प्रमुख. मीही मागोमाग गेले, वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, बाहेर उभी राहिले. वैनी म्हणाली, “सिरदार, नळ दुपारी दोन तास सोडा. सकाळचा एक तास कापा पायजे तर.”

सिरदार ओसरीवर पाय सोडून बसले होते. मवाळ माणूस. म्हणाले, “अगो द्रुपदे, सगळ्या गावाला सकाळ बरी पडते. तुला दुपार पायजे तर असं कर, तूच मेंबर हो नि बदल वेळ.” आणि हसले. ओसरीवरचे बाकीचेही हसले.

वैनी हसली नाही. “बों,” म्हणाली. बरं. घरी आली, पाय धुवायला पाणी नव्हतं म्हणून तसेच पुसले, आणि भावजींना विचारलं, “मेंबर व्हायला नाव कुठं द्यायचं?”

नाव द्यायला मी तिच्याबरोबर गेले, कारण मी बैठकेत शिकलेली होते. बैठक म्हणजे गावातली ती पत्र्याची खोली जिथे संध्याकाळी मराठी शिकवायचे. वैनीला तिथेच सही करायला शिकवलं होतं, देवनागरीत. कचेरीतल्या साहेबाने सही उलटी-सुलटी करून पाहिली आणि क्रिओलमध्ये विचारलं, “मादाम, हे नाव आहे की वेलबुट्टी?”

“नाव हाय, मिसिए. माझं.”

मग त्याने नियम वाचून दाखवले. मतदानाच्या दिवशी मतदाराला खायला-प्यायला घालणं म्हणजे लाच. तक्रार झाली तर नाव रद्द. वैनीने नीट ऐकलं आणि विचारलं, “प्यायला म्हंजे पाणी पण?”

साहेब वैतागून हसला. “वी मादाम, पाणी पण.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं की याने थट्टा केली आहे आणि हिने ती पदरात बांधून घेतली आहे.

जागा बारा, सिरदारांची माणसं बारा, आणि ही एकटी तेरावी. गावात मराठी घरं बरीच, त्यामुळे तेरावी या शब्दावर काय काय झालं असेल ते सांगायला नको. दुकानासमोर बसणारे विचारायचे, “काय द्रुपदाबाय, तेराव्याला लाडू की खीर?” वैनी थांबून उत्तर द्यायची, “मेलं कोण त्ये आधी सांगा, मग खीर करतंय.” तिचं म्हणणं अगदी सोपं होतं. दारोदार जाऊन ती एवढंच सांगायची, “बाराही बरी माणसं हायत. अकरा ठेवा. एक काढा नि माझ्या नावावर फुली मारा. नळ दुपारी सुटेल.” भाषण नाही, घोषणा नाही. ज्या म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ती हातातल्या बांगड्या दाखवायची. यादीत तिचं नाव वरून चौथं होतं. चार बांगड्या मोजायच्या, चौथीवर बोट ठेवायचं.

पण घरं पुष्कळ आणि दुपारचे तास थोडे. ती म्हणाली, “अर्धी घरं तू घे.” परक्या उंबऱ्यावर उभं राहून मत मागायचं! मागणं या शब्दाचीच मला शिसारी होती. आमच्या माहेरी मीठ संपलं तर अळणी जेवायचे, पण शेजारी मागायचे नाहीत. मग मी एक युक्ती काढली. म्हटलं, “वैनी, कागद छापायला आपण कुठं जाणार? अक्षता देऊ. आपल्यात बोलावणं म्हंजे अक्षता. घरोघर देऊ, माणसाला मान वाटतो.”

ती म्हणाली, “दे. पण कशाचं बोलावणं त्ये तोंडानं सांग.”

मी तांदळाला हळद चोळली, तूप लावलं, अक्षता ताटलीत भरल्या आणि निघाले. मराठी घरात गेले, भोजपुरी घरात गेले, त्यांच्यातही नेवत्याला, म्हणजे आमंत्रणाला, हळदीचाच तांदूळ असतो. क्रिओल शेजाऱ्यांनाही इतक्या वर्षांत पिवळा तांदूळ म्हणजे काय ते ठाऊक झालेलं. दारात बाई आली की मी तिच्या हातावर चिमूटभर अक्षता ठेवायची आणि ‘मत’ हा शब्द घशापर्यंत यायचा. तिथे तो बसून राहायचा. मग मी म्हणायची, “रविवारी यायचं हं. नक्की. वैनीनं सांगितलंय.” आणि वळून चालू पडायची. बायका अक्षता कपाळाला लावून देवापाशी ठेवायच्या. कोणी विचारलं नाही कशासाठी. अक्षता देणाऱ्याला ‘कशासाठी’ विचारणं म्हणजे अपमानच. घर सरलं की मला हलकं वाटायचं. वाटायचं, किती छान जमलं, न मागता मागून झालं.

रविवार उजाडला. शेतं बंद, लॉऱ्या उभ्या, शाळेसमोर सकाळपासून रांग. वैनी पहिल्या तासात फुली मारून आली आणि जे म्हातारे चालू शकत नाहीत त्यांना हाताला धरून नेण्यासाठी पुन्हा बाहेर पडणार, इतक्यात फूलमती चाची अंगणात आली. फूलमती चाची म्हणजे गल्लीच्या टोकाची भोजपुरी म्हातारी, एकटी राहायची. लग्नालाच काढायची ती गुलाबी ओढणी तिच्या डोक्यावर होती आणि हातात चकचकीत कागदात गुंडाळलेले स्टीलचे पेले.

मी ते पेले पाहिले आणि ओळखलं, हा अहेर आहे.

तिच्यामागून तोंतों झोर्झ, म्हणजे झोर्झकाका आला, गवंडीकाम करणारा आमचा क्रिओल शेजारी, कोट घालून, शेजारी बायको हॅट लावून. मग वरच्या आळीतली तीन घरं मुलाबाळांसकट. फ्रॉक, रिबिनी, पावडरीचा वास. कोणी अहेर आणलेला, कोणी लीचीची डहाळी. अंगण भरलं. लोक आंब्याखाली बसले, पुरुषांनी रुमाल पसरले, बायकांनी मुलांना सांगितलं धुळीत खेळू नका. आणि सगळ्यांची नजर एकदा तरी चुलीकडे गेली. आमच्याकडे मंगल कार्य म्हणजे केळीच्या पानावर सात भाज्या आणि पुऱ्या. सेत कारी. तिचा वास दोन आळ्या ओलांडून येतो. आमची चूल थंड, राखेवर मांजर झोपलेलं.

“केकरा बियाह बा?” फूलमती चाचीने मला विचारलं. कुणाचं लग्न आहे?

वैनीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तिला सगळं कळलं.

वईपलीकडे सिरदारांचा एक माणूस उभा होता. तो सकाळपासून आमच्याच दारावर होता. त्याच्या हातात वही होती.

भावजी घरातून बाहेर आले. ते कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांचं बोलणं महिन्यातून एकदा ऐकू यायचं. ते वैनीजवळ जाऊन हळूच म्हणाले, “तांदूळ हाय. चूल पेटवू? निवडणूक परत येईल. दारातनं उपाशी गेलेला माणूस परत येत नाय.”

आज मला वाटतं, ते खरं बोलत होते. आणि तरीही वैनी म्हणाली तेही खरंच होतं. ती म्हणाली, “चूल पेटवायची नाय.”

मग ती कपडे धुवायच्या दगडावर चढली. तिला उंचीची गरज नव्हती, पण चढली. पदर खोचला. “आयका,” म्हणाली, “ह्या घरात आज लगीन नाय. पूजा नाय. बोलावलं त्ये वोत द्यायला, शाळंत. बोलावण्यात चूक झाली. चूक माझी. आज तुम्हांला खायला दिलं तर माझं नाव काटतील. म्हणून मी देत नाय. माझ्या दारातनं आजवर कोणी तसंच गेलं नाय, आज सगळी जाणार. राग आला तर माझ्यावर काढा, पण आधी शाळंत जा.”

चूक माझी, असं ती म्हणाली. मी चार हातांवर उभी होते. अक्षतांची ताटली अजून खिडकीत होती. मी एक शब्द बोलले असते तर निम्मा राग माझ्याकडे वळला असता. मी बोलले नाही. कान तापून लाल झाले, एवढंच. मी सांगितलं ते कान हेच.

मग फूलमती चाची उठली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, जेवणाला न्याय द्यावा म्हणून. ऊन चढलं होतं. म्हणाली, “खाना छोड़ बेटी. एक लोटा पानी दे. गला सूख गइल.”

वैनीचा हात कळशीकडे गेला. मी पाहिला. बोटं कळशीच्या काठाला लागली आणि तिथेच थांबली. वईपलीकडच्या माणसाने वही उघडली. वैनीचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही. लॉरीवरून पडून हात मोडला होता तेव्हाही नाही.

“चाची,” ती म्हणाली, “आज पाणी पण नाय.”

म्हातारीने पेले काखेत मारले आणि निघाली. शाळेच्या दिशेने गेली की घराच्या, ते वळणावरून दिसत नव्हतं. तोंतों झोर्झने कोटाची बटणं सोडली आणि म्हणाला, “मो वांत पे क्रिये, मादाम.” माझं पोट ओरडतंय. पण बायकोचा हात धरून तो शाळेकडे वळला. बरेच वळले. बरेच नाहीत. वरच्या आळीतलं एक घर पाय आपटत गेलं ते पुढे दोन वर्षं आमच्याशी बोललं नाही. अंगणात लीचीची एक डहाळी राहून गेली. तीही वैनीने त्यांच्या दारात नेऊन ठेवली.

ती सात मतांनी हरली. बारावा आलेला माणूस तिच्या पुढे सातने. मी घरी येऊन तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं, शब्द कसा घशात बसला, मी कशी पळाले. ती पायातली कुसळं काढत होती. म्हणाली, “म्हायती हाय. तुझ्याच अर्ध्यातली आली होती सगळी. माझ्या अर्ध्यातलं एक पण आलं नाय.”

“मग तू ‘चूक माझी’ असं का म्हणालीस?”

“तुला पाठवलं कोणी?”

दुसऱ्या दिवशी भावजी म्हणाले, आता निवडणूक झाली, आता लोकांना जेवू घालू, मन मोकळं होईल. वैनीने मान हलवली. “हरून जेवण घातलं तर त्ये तेराव्याचंच. गावाला पायजे त्येच होईल. जेवण घालीन, पण नळ सुटल्यावर. त्याच पाण्यानं शिजवीन.”

मग तीन वर्षं गेली. तीन कूपा. आता वाटतं पटकन गेली, पण तेव्हा एकेक नोव्हेंबर सरता सरत नव्हता. कौन्सिलची सभा महिन्यातून एकदा भरायची आणि कोणीही मागच्या बाकावर बसलं तर चालायचं. वैनी दर महिन्याला जाऊन बसायची. सभा संपत आली की उभी राहायची, “सिरदार, नळाचं काय?” सिरदार म्हणायचे, “बघू पुढल्या वेळंला.” पुढल्या वेळेला ही हजर. वर्षभराने त्यांनी तिच्यासाठी बाकाऐवजी खुर्ची ठेवायला सांगितली, पाठीला आराम म्हणून. खुर्चीवर बसून ती तेच विचारायची.

आणि मी? मी उसाच्या सरीत सराव केला. खरंच. कोयत्याच्या एकेका घावाला म्हणायची, वोत द्या. वोत द्या. पलीकडच्या सरीतल्या बायका विचारायच्या, “काय गो, याड लागलं काय?” लागू दे, म्हणायची. ऊस ऐकून घेतो, लाजवत नाही. एखाद्या दिवशी वाटायचं शब्द सैल झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा घट्ट. लाजणं म्हणजे काय, तर आपल्याला लोक काय म्हणतील याची भीती. आणि त्या भीतीची किंमत त्या रविवारी मी नाही, तहानेलेल्या म्हातारीने दिली होती. हे मनात आलं की मी जोरात म्हणायची.

पुन्हा निवडणूक आली तेव्हा मी वैनीला सांगितलं, “अर्धी नाय. सगळी घरं मी घेते.” पुन्हा तांदळाला हळद चोळली. ती बघत होती. म्हणाली, “परत अक्षता?”

“परत. ज्यांना दिल्या त्यांनाच आधी.”

पहिलं घर ते वरच्या आळीतलं. जे पाय आपटत गेलं होतं ते. दारात तीच बाई. मी अक्षता तिच्या हातावर ठेवल्या आणि छातीत हवा भरून म्हणाले, “वोत मागायला आलेय. द्रुपदावैनीला वोत द्या. रविवारी शाळेत या. मागच्या वेळी चूक माझी होती, तिची नव्हती. आणि आमच्या घरी येऊ नका. घरी आलात तर पाणी मिळणार नाही.”

बाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिचं पोट हलायला लागलं आणि ती हसली. आतून नवऱ्याला हाक मारली, “आयकलं काय, ह्या वेळंला पाणी पण नाय म्हणे!” दोन दिवसांत ते वाक्य गावभर झालं. दुकानासमोर बसणारे, ज्यांनी तेराव्याची खीर मागितली होती ते, एकमेकांना भेटले की म्हणायचे, घरी आलात तर पाणी मिळणार नाही. मुलं चेंडू खेळताना म्हणायची. मी घरोघर मोठ्याने मत मागितलं. कानांना काय व्हायचं ते झालं, पण आवाज गेला नाही.

या वेळी अंगणात कोणी आलं नाही. वईपाशी वहीवालाही नव्हता. वैनी बाराव्या नंबरावर आली. शेवटची, पण आत. निकाल ऐकून सिरदार म्हणाले, “आता ती खुर्ची टेबलाजवळ आणा.” त्यांनी ते हसत म्हटलं की नाही, मला आठवत नाही. वैनीने अर्थात खुर्ची उचलून टेबलाजवळ नेली.

नळाची वेळ बदलायला आणखी दोन महिने गेले. पत्रं गेली, पत्रं आली. कोणाची हरकत नव्हती असं शेवटी निघालं. इतकी वर्षं वर कोणी विचारलं नव्हतं, एवढंच होतं. याचा मला आजही राग येतो. मुलं म्हणतात, आई, जाऊ दे, आता काय. जाऊ देत नाही. एक तास इकडचा तिकडे करायला एका बाईला दोनदा उभं राहावं लागलं.

नळ दुपारी पहिल्यांदा सुटला त्या दिवशी आम्ही लॉरीतून उतरून थेट तिठ्यावर गेलो. कुसळांसकट, घामासकट. डबे रांगेत होते आणि प्रत्येक डब्यामागे माणूस होतं. आधी नळ खोकला, मग तांबडं पाणी आलं, मग निवळलं. पहिला नंबर वैनीचा, सगळ्यांनी तसा राखला होता. तिने डबा लावला नाही. कमरेला बांधून आणलेला पितळी लोटा सोडला, विसळला, काठोकाठ भरला आणि रांग सोडून चालू लागली. आम्ही सगळ्या मागे. ती गल्लीच्या टोकाला गेली. फूलमती चाची दारात बसून डाळ निवडत होती. वैनी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी लोटा पुढे केला.

चाचीने लोट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, “तीन बरिस से पियासल बानी.” तीन वर्षं तहानलेली आहे.

आणि लोटा तोंडाला लावला. गळ्याची घाटी वरखाली होत होती. थेंब हनुवटीवरून ओढणीवर पडत होते. तिने सगळा संपवला, उपडा करून आम्हा सगळ्यांना दाखवला, आणि तोंड पुसून म्हणाली, “पियास त गइल, बेटी. अब भूख के का होई?” तहान तर गेली, आता भुकेचं काय?

बायका हसल्या. वैनी हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग तिने मागे वळून पाहिलं, सगळ्यांमध्ये मला शोधलं.

“उभी काय राह्यलीस,” म्हणाली. “जा. चूल पेटव.”